फुकटचे वकील

वकील परवडला नाही म्हणून न्याय मिळाला नाही, अशी तक्रार वॉल्टर व्हाइटला कधीच करता येणार नाही. २०१३ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात ‘ब्रेकिंग बॅड’चे शेवटचे आठ भाग एएमसी वाहिनीवर दर रविवारी रात्री लागायचे आणि सोमवार उजाडला की जगभरातले लाखो वकील, सनद नसताना आणि फी न घेता, त्याच्या बाजूने उभे राहायचे. आरोपी : न्यू मेक्सिकोतल्या अल्बुकर्की शहरातला शाळेचा रसायनशास्त्राचा मास्तर. आरोप : मेथ नावाची नशा घाऊक प्रमाणात शिजवणं, खून करणं, खून करवणं, एका लहान मुलाला विष घालणं आणि किरकोळीत काळा पैसा धुणं. बचाव : माणूस मूळचा चांगला हो!

मूळचा चांगला होता, हे खरंच. जानेवारी २००८ मध्ये पहिल्या भागात तो भेटतो तेव्हा नुकती पन्नाशी गाठलेली, बायको गरोदर, मुलगा कुबड्या घेऊन चालणारा, शाळेचा पगार पुरत नाही म्हणून शाळा सुटल्यावर गाड्या धुण्याच्या दुकानात नोकरी, आणि वर फुप्फुसाचा कॅन्सर. मग त्याला सुचतं की आपल्याला येतं ते रसायनशास्त्र वापरून मेथ शिजवावं आणि मरायच्या आत बायकापोरांची सोय लावावी. मालिकेचा कर्ता विन्स गिलिगन याने आपला बेत कधी लपवला नव्हता : सज्जन मास्तराचा अट्टल गुन्हेगार करून दाखवायचा. म्हणजे पाटीवर गावाचं नाव लिहिलेल्या एसटीत बसून लोकांनी पाच वर्षं प्रवास केला आणि उतरायच्या वेळी निम्मे प्रवासी कंडक्टरशी भांडायला उठले, की गाडी या गावाला आणलीच कशी?

(मालिका पाहिली नसेल तर पुढे वाचल्यावर शेवट कळेल. ती संपून तप उलटलं, आता त्याला आमचा इलाज नाही.)

बचावाचा पहिला मुद्दा : त्याने सगळं कुटुंबासाठी केलं. छान. मास्तर माणूस, त्याने हिशेबही मांडून ठेवला होता. दुसऱ्या हंगामाच्या पहिल्याच भागात तो मुलांचं कॉलेज, घराचं कर्ज, महागाई, सगळं धरून आकडा काढतो : ७ लाख ३७ हजार डॉलर. एवढे झाले की थांबायचं. पुढे काय झालं? भाड्याच्या एका गोदामात नोटांचा पलंगाएवढा ढिगारा साठला. बायको स्कायलर त्याला तिथे नेऊन दाखवते आणि सांगते की मला आता हे मोजता येत नाही, अजून किती मोठा ढीग झाला म्हणजे पुरे? पुढे कळतं की रक्कम आठ कोटी डॉलरच्या घरात आहे. ठरलेल्या आकड्याच्या शंभरपटीहून जास्त. वकील मंडळी मात्र ‘कुटुंब, कुटुंब’ म्हणत राहिली. कुटुंब चार जणांचं होतं, त्यातलं एक पाळण्यात.

दुसरा मुद्दा जरा विचारवंती थाटाचा : दोष त्याचा नाही, अमेरिकेतल्या महागड्या आरोग्यव्यवस्थेचा आहे. उपचार परवडत असते तर तो कशाला या मार्गाला लागला असता? मुद्दा ऐकायला भारदस्त आहे आणि अमेरिकेतल्या दवाखान्याचं बिल पाहिलेल्या कोणालाही पटेल. अडचण एवढीच की मालिकेने तो पाचव्याच भागात निकालात काढलेला आहे. वॉल्टरचा जुना भागीदार एलियट त्याला नोकरी देऊ करतो, विमा देऊ करतो, उपचारांचा सगळा खर्च उचलायला तयार होतो. वॉल्टर नाही म्हणतो. कारण ज्या कंपनीतला आपला वाटा त्याने तरुणपणी पाच हजार डॉलरला विकला, ती आता दोन अब्जांवर गेली आहे, आणि कंपनीची किंमत किती झाली हे तो दर आठवड्याला बघत असतो. हे तो स्वतःच पाचव्या हंगामात सांगतो. म्हणजे आजार दोन होते. एक फुप्फुसात, आणि दुसरा असा की त्यावर कुठलीच विमा कंपनी पैसे देत नाही.

तिसरा मुद्दा आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा : बाकीचे त्याहून वाईट होते. इथे मात्र लेखकांनीच वकिलांना मुबलक पुरावा पुरवला. दर हंगामात वॉल्टरसमोर आधीपेक्षा नीच माणूस आणून उभा केला. कोंबडीच्या हॉटेलांआडून धंदा करणारा गस फ्रिंग झाला, आणि शेवटी तर अंगावर स्वस्तिकं गोंदवलेली नाझी टोळीच आली. शेजारी नाझी उभे केले की कोणीही सर्वोदयी दिसतो.

मृत्यूंकडे येऊ. दुसऱ्या हंगामाच्या शेवटाकडे जेसीची, म्हणजे वॉल्टरच्या माजी विद्यार्थ्याची आणि धंद्यातल्या साथीदाराची, मैत्रीण जेन नशेत झोपलेली असताना तिला उलटी होते आणि ती घुसमटायला लागते. वॉल्टर तिथेच उभा. कुशीवर वळवलं असतं तरी ती वाचली असती. तो वळवत नाही, कारण ती त्याला धमकावून पैसे मागत होती. तिचा बाप विमानं नियंत्रित करणारा अधिकारी. पोरीच्या दुःखात तो कामावर परततो, त्याच्याकडून चूक होते, अल्बुकर्कीवर दोन विमानं एकमेकांवर आदळतात आणि १६७ माणसं मरतात. यानंतर शाळेच्या सभागृहात मुलं रडत असताना मास्तर माइक हातात घेतात. आणि काय सांगतात? की जरा चांगली बाजू बघा, हा जगातला फार तर पन्नासावा भीषण विमान अपघात आहे. १९७७ साली तेनेरिफेला ५८३ माणसं गेली होती, ते कोणाच्या लक्षात तरी आहे का?

सगळ्या मालिकेतला सर्वात भेदक प्रसंग कुठला, असं विचारलं तर मी बंदुका, स्फोट, वाळवंट सगळं बाजूला ठेवून हा सांगेन. कारण ते वॉल्टरचं भाषण नाहीच, ते त्याच्या चाहत्याचं भाषण आहे. १६७? हं, पण ५८३ चं काय? शेवटच्या आठवड्यांतला प्रत्येक बचाव याच साच्यातून निघालेला होता. एक पोरगी? पण ती व्यसनी होती. एक मुलगा? पण तो वाचला ना! जेसीच्या दुसऱ्या मैत्रिणीचा ब्रॉक नावाचा छोटा मुलगा विषबाधेने दवाखान्यात पोचतो, आणि ते विष कोणी घातलं हे चौथ्या हंगामाच्या अगदी शेवटच्या चौकटीत वॉल्टरच्या अंगणातल्या एका कुंडीवर कॅमेरा नेऊन सांगितलं जातं. सुसंस्कृत प्रेक्षकाच्या पोटात गोळा यायला हवा. बऱ्याच जणांच्या तोंडून ‘काय डोकं आहे राव!’ एवढंच निघालं.

आता या खटल्यातल्या खऱ्या आरोपीकडे वळायला हवं. तिचं नाव स्कायलर व्हाइट.

तिचे गुन्हे वकिलांनी तोंडपाठ करून ठेवले होते. नवरा रात्री कुठे जातो असं तिने विचारलं. दुसरा फोन कशाला लागतो असं विचारलं. गरोदरपणी चोरून सिगारेट ओढली. नवरा मेथ शिजवतो हे कळल्यावर घटस्फोट मागितला. आणि सगळ्यात भयंकर म्हणजे आपल्या साहेबाशी, टेडशी, लफडं केलं. गेल बेटिकर नावाच्या निरुपद्रवी केमिस्टच्या चेहऱ्यावर वॉल्टरच्या हुकमावरून गोळी झाडली गेली, ती ‘परिस्थितीची गरज’ म्हणून माफ झाली. टेड माफ झाला नाही. स्कायलर काही संत नव्हती. पुढे तिनेही नवऱ्याचा पैसा गाड्या धुण्याच्या धंद्यातून पांढरा केला, आणि त्याबद्दल तिला दोन शब्द सुनावता येतातच. पण गंमत अशी की चाहत्यांचा राग त्यावर नव्हताच. त्यांचा राग तिने आधी नकार दिला यावर होता. नायक ऐन रंगात आला की ही मध्येच येऊन ‘पुरे’ म्हणायची आणि मजा घालवायची.

आपल्याकडे ‘रात्रीस खेळ चाले’ या मालिकेतल्या खलनायक अण्णा नाईकांवर लोक फिदा झाले, पण त्यांच्या बायकोला, माईला, कोणी शिव्या घातल्याचं ऐकिवात नाही. माई सोसते ना! सोसणारी बायको चालते. हिशेब विचारणारी बायको मात्र अल्बुकर्कीत चालत नाही आणि अण्णांच्या गावातही चालली नसती.

बरं, राग पात्रावर राहिला असता तरी एक वेळ समजून घेतलं असतं. तो ॲना गन या नटीवर निघाला. तिने २३ ऑगस्ट २०१३ ला, म्हणजे शेवटचे भाग ऐन भरात असताना, न्यूयॉर्क टाइम्समध्ये लेख लिहिला. स्कायलरच्या द्वेषाची पानंच्या पानं निघाली होती, ती बघता बघता तिच्या स्वतःच्या नावावर घसरली, आणि हिला मारायचं आहे, ही सापडेल कुठे, असं विचारण्यापर्यंत एकाची मजल गेली. नवऱ्याला खून करू नकोस म्हणणाऱ्या बाईचं काम केलं म्हणून खुनाची भाषा.

इथे निळू फुले आठवतात. त्यांच्या खलनायकी भूमिका पाहून गावोगावच्या बायका त्यांना तोंडावर शिव्या घालायच्या, आणि त्या शिव्या म्हणजे आपल्या कामाची पावती, असं ते मानायचे. त्या बायकांना आपण अडाणी, भाबड्या म्हणून हसलो. पडद्यावरचं आणि खरं यातला फरक कळत नाही म्हणे! पण वाड्यावरचा सरपंच पोरीबाळींची अब्रू लुटतो तेव्हा शिव्या सरपंचाला घालायच्या, त्याच्या बायकोला नाही, एवढा फरक त्यांना पक्का कळत होता. वायफायवर जगातलं उत्तमोत्तम नाट्य पाहणाऱ्या पदवीधरांना तो कळला नाही.

त्या वर्षीच्या एमी पुरस्कारांनी मात्र थोडी दाद लावली. २२ सप्टेंबरला, शेवटून दुसरा भाग लागला त्याच रात्री, ॲना गनला सहायक अभिनेत्रीचा पुरस्कार मिळाला. प्रमुख अभिनेत्याचा ब्रायन क्रॅन्स्टनला त्या खेपेस मिळाला नाही, तो जेफ डॅनियल्स घेऊन गेला. नियतीला विनोदबुद्धी असावी.

क्रॅन्स्टनचा दोष नाही. उलट सगळा घोटाळा तो फार चांगला नट असल्यामुळे झाला. १९९८ साली गिलिगनने ‘द एक्स-फाइल्स’चा एक भाग लिहिला होता. त्यात एक किळसवाणा, द्वेषाने भरलेला माणूस हवा होता, पण तो मरताना प्रेक्षकाला वाईट वाटलं पाहिजे, अशी अट होती. ते क्रॅन्स्टनने जमवलं. पुढे मास्तराच्या भूमिकेसाठी गिलिगनने त्याचंच नाव धरलं तेव्हा वाहिनीवाले बिचकले, कारण तोवर तो विनोदी मालिकेतला वेंधळा बाप म्हणून ठाऊक होता. गिलिगनने त्यांना तो जुना भाग दाखवला आणि काम झालं. म्हणजे नालायक माणसाबद्दल जीव हळहळवणं ही या नटाची नोकरी मिळवतानाची पात्रताच होती. पाच वर्षं कॅमेरा त्याच्या खांद्यावरून जग बघत राहिला. तुम्ही कोणाच्याही डोक्यात इतके तास राहिलात तर भाडं म्हणून थोडी निष्ठा द्यावीच लागते. पण ती निष्ठा आहे हे कळलं पाहिजे. तिला न्याय म्हणायचं नाही.

हे गिलिगनला कळत नव्हतं थोडंच? १५ सप्टेंबरला लागलेला ‘ओझिमँडियस’ हा भाग म्हणजे त्याने आणि त्याच्या लेखकांनी वकिलांना पाठवलेली नोटीस होती. (शेलीच्या ज्या कवितेवरून हे नाव घेतलं, ती क्रॅन्स्टनच्या आवाजात जाहिरातीत आधीच वाजवली होती. कविता वाळूत कोसळून पडलेल्या राजाच्या पुतळ्याची, आणि चाहते ती ऐकून नव्याने फुरफुरलेले!) त्या भागात साडू हँक मारला जातो. त्याला वाचवण्यासाठी वॉल्टर सगळेच्या सगळे आठ कोटी देऊ करतो, हे त्याच्या बाजूने मान्य करू. आणि त्यानंतर लगेच जेसीला मुद्दाम सांगतो की तुझी जेन मरताना मी बघत उभा होतो. हे सांगून काहीही साधणार नसतं, दुखवण्यापलीकडे.

मग येतो तो फोन. वॉल्टर तान्ह्या मुलीला उचलून पळालेला आहे. घरी पोलिस बसले आहेत हे जाणून तो स्कायलरला फोन करतो आणि तिला तोंडाला येईल ते बोलतो : तू मूर्ख आहेस, तू सतत कुरकुर केलीस, मी जे उभं केलं त्याची तुला कदर नाही, तुझं डोकं हे समजण्याएवढं नाही. बोलताना तो रडतो आहे. कारण पोलिसांनी हे ऐकावं आणि बायकोला काहीच माहीत नव्हतं असं समजावं, यासाठीचं हे नाटक आहे. ऐकता ऐकता स्कायलरच्याही ते लक्षात येतं. पण नाटकातला मजकूर त्याने आणला कुठून? इतकी वर्षं मनात साठवलेला तोच तर होता. आणि तोच, जवळजवळ शब्दशः, वर्षभर चाहते स्कायलरबद्दल बोलत होते. लेखकांनी चाहत्यांच्या तोंडचं वाक्य उचलून नायकाच्या तोंडी दिलं, त्याला ते म्हणताना रडवलं, आणि बाजूला एक बाळ ठेवलं. इतकी स्वच्छ थप्पड टीव्हीवर क्वचित मारली गेली असेल. आणि तरीही एक गट होताच, जो दुसऱ्या दिवशी म्हणाला : बरं झालं, कोणीतरी सुनावलं एकदाचं तिला.

थप्पडसुद्धा ज्याला शाबासकी वाटते त्याच्यापुढे कलावंताने काय करावं?

२९ सप्टेंबरला शेवटचा भाग लागला. पहिला भाग अमेरिकेत चौदा लाखांच्या आसपास लोकांनी पाहिला होता, शेवटचा एक कोटीहून अधिक लोकांनी. सगळं कोर्ट खच्चून भरलेलं असताना अशील स्वयंपाकघरात बायकोसमोर उभा राहतो आणि कबुलीजबाब देतो : मी हे माझ्यासाठी केलं, मला ते आवडत होतं, आणि ते मला चांगलं जमत होतं. संपलं. पाच वर्षं ‘कुटुंबासाठी, कुटुंबासाठी’ म्हणून घसा कोरडा करणाऱ्या वकिलांना अशिलाने भर कोर्टात तोंडघशी पाडलं. विशेष म्हणजे हे ऐकायला समोर कोण होतं? तीच, कुरकुर करणारी.

तिथेच थांबायचं होतं, असं माझं मत. पण गिलिगनचाही हात शेवटी ढिला पडला. त्या भागात वॉल्टरचं सगळं कसं घड्याळासारखं जुळून येतं. पैसे मुलापर्यंत पोचायची व्यवस्था होते, गाडीच्या डिकीतली मशीनगन बहुतेक सगळ्या नाझींना एका दमात झोपवते, त्यांच्या कैदेतला जेसी सुटतो, आणि मास्तर आपल्या लाडक्या यंत्रांवरून हात फिरवत मरून पडतात. मागे चक्क प्रेमगीत वाजतं. मरणही असं की चाहत्याने स्वतः लिहिलं असतं तर याहून वेगळं लिहिलं नसतं. आधी दिलेली थप्पड दोन रविवारांनी अशी गोंजारून परत घेतलेली पाहून मला तरी चुटपुट लागली.

त्याचे परिणाम अल्बुकर्कीने भोगले. ऑक्टोबर २०१३ मध्ये चाहत्यांनी तिथल्या वर्तमानपत्रात वॉल्टरच्या निधनाची पैसे देऊन जाहिरात छापली, आणि खऱ्या दफनभूमीत त्याचा खोटा अंत्यविधी केला. बेघरांसाठी निधी जमवला, हे चांगलंच झालं. पण ज्यांची खरी माणसं तिथे पुरलेली होती त्यांनी तक्रार केली, आणि मग वॉल्टरच्या नावाचा दगड तिथून हलवावा लागला. ज्या घराचा बाहेरचा भाग वॉल्टरचं घर म्हणून दाखवला, ते खाजगी घर, तिथे माणसं राहत होती. मालिकेत वॉल्टर रागाने छतावर पिझ्झा फेकतो, म्हणून पर्यटकही फेकायला लागले. पिझ्झे फेकू नका, अशी विनंती स्वतः गिलिगनला करावी लागली. शेवटी घरमालकांनी २०१७ मध्ये उंच कुंपण घातलं. खून माफ करणाऱ्यांना छतावरच्या चीजचं काय कौतुक!

२०२२ मध्ये त्याच शहरात वॉल्टर आणि जेसी यांचे ब्राँझचे पुतळे उभे राहिले. गावात खरोखरच मेथने घरं मोडलेली असताना हे कशाला, असं काही लोकप्रतिनिधी म्हणाले. समारंभ व्हायचा तो झालाच.

फेब्रुवारी २०२५ मध्ये अमेरिकेतल्या लेखकांच्या संघटनेने गिलिगनचा सत्कार केला, तेव्हा तो बोलला ते वकील मंडळींनी एकदा शांतपणे ऐकावं. वॉल्टर हा खलनायकच आहे असं त्याने स्वच्छ सांगितलं, अशा माणसांचा आदर्श व्हायला लागला आहे याची खंत केली, आणि आता चांगली माणसं लिहू या, असं सहकारी लेखकांना विनवलं. तेव्हा आता कोणी नव्याने मालिका बघायला बसलं, आणि तिसऱ्या-चौथ्या भागात ‘ही बायको किती डोकं खाते!’ असं म्हणालं, तर त्याला सोफ्यावरून उठवा आणि चहा करायला पाठवा.